घरच्या बिअरची नको, सुकेळ्यांची स्पर्धा घ्या

अमेरिकेत घरी केलेल्या बिअरच्या स्पर्धा होतात. परीक्षकासमोर बाटली येते ती बिननावाची, नुसता नंबर. ज्या प्रकारात आपली बाटली, त्यात परीक्षक व्हायचं नाही.

आपल्याकडे तशी स्पर्धा नको. 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. मग बक्षीस कसलं?

नियम मात्र उचलण्यासारखे आहेत. वसईत सुकेळ्यांची स्पर्धा घ्या. केळी राजेळीच, आणि वाळवलेली स्वतःच्या अंगणात. बाजारातून आणून आपली म्हणून मांडली, तर बाद. मेव्हणा परीक्षक असेल तर आपण भाग घ्यायचा नाही. वर्षभर राजेळी सांभाळणारा एकवेळ हरेल, पण फसवला जाऊ नये.

तुमचं काय मत?