मोटार नसलेला रंगकर्मी

मुंबईत नाटकात काम करायचे तर मोटार हवीच, हे मागील अंकातील पत्रातले विधान नाट्यगृहांच्या नकाशावर टिकत नाही. दादरचे शिवाजी मंदिर पश्चिम आणि मध्य रेल्वे जिथे मिळतात त्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माटुंग्याचे यशवंत, पार्ल्याचे दीनानाथ यांनाही रेल्वे जवळचीच. नेपथ्य तसेही टेम्पोने जाते. नटाच्या हाती उरते ती एक पिशवी.

वादकांचे मात्र वेगळे. तबला-डग्गा खांद्यावर निभतो, पण पेटी किंवा तानपुरा घेऊन संध्याकाळी सहाच्या गर्दीत शिरणे म्हणजे वाद्याशीच वैर. त्यासाठी लोकलला मालडबा असतो. तिथे मासळीच्या पाट्यांशेजारी उभे राहण्याची तयारी हवी, एवढेच.

खरी अडचण परतीची. साडेआठचा प्रयोग अकराच्या पुढे लांबतो, रंग उतरवण्यात आणखी वेळ जातो. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात शेवटची लोकल सुटते आणि पहाटे चारच्या सुमारापर्यंत दुसरी नसते. विरार-बदलापूरच्या कलावंतांना हीच मर्यादा जाचते. त्यावर प्रत्येकाने गाडी घेणे हा उपाय नव्हे. निर्मात्यांनी रात्रीचा प्रयोग आठच्या आत सुरू करावा.