विश्लेषण : टाउन हॉलमधला पोसायडन कोल्हापूरचा कसा?

सीपीआरसमोरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयाची ओळख ठरली ती ग्रीकांच्या समुद्रदेवामुळे. पोसायडनची ही कांस्यमूर्ती जेमतेम वीतभर उंचीची. समुद्र तर घाटापलीकडे. मग हा देव इथे कसा? तो सापडला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, रोमन धाटणीच्या कांस्य वस्तूंसोबत. सातवाहनकाळात कोकणच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून इथवर येत असावा.

१९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीवर उत्खनन केले. तिथल्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये संग्रहालय निघाले. पुढे ते टाउन हॉलच्या १८७० च्या दशकातील वास्तूत आले. ही वास्तूही तितकीच पाहण्याजोगी, पण आपण बहुधा बागेतूनच परततो.

ब्रह्मपुरीवर आज घरे आहेत. पुन्हा खणणे अवघड. म्हणून कोणती वस्तू कुठल्या थरात, कशासोबत मिळाली, ही माहिती मूर्तीइतकीच मोलाची. ती काचेच्या कपाटाशेजारी सोप्या मराठीत, नकाशासह हवी. ब्रह्मपुरीवरही ठळक फलक हवा. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शाळांच्या सहली पन्हाळ्याला जातातच. त्यातला एक तास इकडे वळवता येईल.