भूछत्रातले औषध आणि खोलीतला माणूस

घरात एखाद्याचे मन खचले, की सारे घरच दबक्या पावलांनी वावरू लागते. गोळ्या सुरू होतात, डॉक्टर बदलतात, आणि पाहुण्यांना सांगताना आजाराचे नाव ‘अशक्तपणा’ असे होते. दोन-दोन औषधे देऊनही ज्यांना उतार पडत नाही, त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत एका जुन्याच रसायनाची नव्याने परीक्षा सुरू झाली आहे. त्याचे नाव सायलोसायबिन.

मेक्सिकोतील मझाटेक लोक जी भूछत्रे धार्मिक विधींत वापरीत, त्यांतून ते आल्बर्ट हॉफमन यांनी 1958 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वेगळे काढले. (एलएसडीचे जनकही हेच गृहस्थ.) शरीरात त्याचे सायलोसिन बनते. त्याची घडण मेंदूतील सेरोटोनिनशी इतकी मिळतीजुळती, की सेरोटोनिनसाठी असलेल्या रिसेप्टरांना ते जाऊन चिकटते. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचे कुलूप म्हणा ना! यातले ‘टू-ए’ हे कुलूप महत्त्वाचे. झुरिचच्या संशोधकांनी ते केटान्सेरिन या औषधाने आधीच बंद केले, तेव्हा सायलोसायबिनने होणारे भास झालेच नाहीत. हे 1998 साली प्रसिद्ध झाले.

2022 मध्ये दहा देशांतील 233 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. एकच मात्रा द्यायची. कुणाला 25 मिलिग्रॅम, कुणाला 10, कुणाला नाममात्र 1. तीन आठवड्यांनी मोठी मात्रा घेतलेल्यांपैकी सुमारे 37 टक्क्यांना चांगला उतार पडला, नाममात्र मात्रेत 18 टक्क्यांना. मात्र बाराव्या आठवड्यापर्यंत हा गुण टिकला तो सुमारे 20 टक्क्यांतच. डोकेदुखी, मळमळ होतीच. तिन्ही गटांतील काहींच्या मनात आत्मघाताचे विचारही आले. शिवाय ज्याला रंग हलताना दिसले, त्याला आपल्याला काय दिले ते वेगळे सांगावे लागत नाही. मग गुण औषधाचा किती आणि आशेचा किती?

पण बातम्यांत एक गोष्ट सहसा राहून जाते. त्या सहा-आठ तासांत रुग्णापाशी प्रशिक्षित माणूस सतत बसलेला होता. आधी तयारी, नंतर बोलणेही झाले. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून परवानगी दिली तीही ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांनाच. आपल्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. तिथे दिवसभर उशाशी बसणारा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. तो पैशांचा आणि मनुष्यबळाचा आहे, आणि औषध येवो न येवो, तो आजही आहेच.

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सायलोसायबिन बाळगणे हा गुन्हा आहे. तरीही अशा बातम्या वाचून कुणी चालू गोळ्या परस्पर बंद करतो. या चाचणीतल्या रुग्णांनीही आधीच्या गोळ्या सोडल्या होत्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ही बातमी कापून ठेवणार असाल, तर हे वाक्यही त्याच कात्रणात असू द्या.