कॉर्कच्या लोण्याची पत

आपल्या पेढ्यांवर भांडवलाच्या आधी ‘पत’ विचारली जाते. आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क या बंदराची कथाही याच शब्दाभोवती फिरते. लोणी सेवन करावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या व्रतनियमांचा विषय. येथे पाहावयाचा आहे तो त्याच्या व्यापारातील धडा.

आयर्लंडमध्ये पाऊस मुबलक आणि हिवाळा सौम्य. त्यामुळे वर्षाचा बराच काळ गवत वाढते, गाई कुरणांत चरतात आणि ताज्या गवतामुळे लोण्याला नैसर्गिक पिवळेपणा येतो. अठराव्या शतकात कॉर्क आणि केरी या परगण्यांतील शेतकरी घरी घुसळलेले लोणी मीठ घालून लाकडी पिंपांत भरीत व कॉर्कला पाठवीत. असंख्य लहान घरांतून आलेल्या या मालाची चव, मीठ आणि स्वच्छता निरनिराळी असे. मग दूर वेस्ट इंडीजमध्ये पिंप उघडणाऱ्या गिऱ्हाइकाने विश्वास कोणावर ठेवावा?

१७७० च्या सुमारास कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी संघटित होऊन यावर उपाय योजला. त्यांच्या लोणीबाजारातील निरीक्षक पिंपात सळई खुपसून नमुना काढीत, वास व चव घेऊन प्रत ठरवीत आणि पिंपावर तशी खूण करीत. पोत्यात सळई घालून धान्य पारखणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. शेतकऱ्याला मिळणारा भाव त्या खुणेवर ठरे. एकोणिसाव्या शतकात हा बाजार जगातील सर्वांत मोठी लोण्याची पेठ म्हणून गणला जाई.

पुढे मात्र गिऱ्हाइकाची आवड पालटली. ब्रिटनला कमी मिठाचे, ताजे लोणी हवे होते. डेन्मार्कने यंत्रांच्या साह्याने एकसारखा माल पुरविला आणि मार्गारीनही स्वस्तात मिळू लागले. कॉर्कचा बाजार जुन्या पद्धतींना चिकटून राहिला आणि १९२४ मध्ये बंद पडला.

उत्पादक शेतकऱ्यांनी मात्र धीर सोडला नाही. होरेस प्लंकेट यांच्या प्रेरणेने १८८९ मध्ये लिमरिक परगण्यातील ड्रमकोलोहर येथे सहकारी दुग्धालय उभे राहिले आणि दुधावरील प्रक्रिया शेतकऱ्यांच्या सामाईक मालकीची झाली. निर्यातीसाठी १९६१ मध्ये दुग्धमंडळ स्थापन झाले. अनेक दुग्धालयांचे लोणी ‘केरीगोल्ड’ या एकाच नावाने १९६२ मध्ये प्रथम ब्रिटनमध्ये विक्रीस आले. आयर्लंडच्या दुकानांत ते १९७३ पर्यंत मिळत नसे! आज जर्मनी आणि अमेरिकेतही त्या नावाला मान आहे.

मालाची कठोर पारख पत मिळवून देते. पण गिऱ्हाइकाचे ऐकणे थांबले की तीच पत झिजू लागते. पुढील पिढीच्या हाती पेढी सोपविताना हिशेबाच्या वह्यांबरोबर एक प्रश्नही सोपवावा: गिऱ्हाईक आज आपल्याकडेच का येते? त्याचे उत्तर वडिलांच्या आठवणींत शोधू नये, गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला विचारावे.