जर्नल कॉपी होते, पारी होत नाही

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी 'कीश' केला हे कळल्यावर आमची विंग अर्धा तास हसत होती. हसा! पण माझे मत ठाम आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी कीशची पारी स्वतःच्या हाताने करून, बिघडवून बघावी.

कीश हा मूळचा ईशान्य फ्रान्सच्या लोरेन प्रांतातला. मैद्याची भाजलेली वाटी, आत अंडी आणि क्रीम. खरी परीक्षा वाटीची. मैदा 250 ग्रॅम, लोणी 125 ग्रॅम, चिमूटभर मीठ, 3-4 चमचे गार पाणी. बस्स! (अमूल बटर असेल तर मीठ विसरा.)

'लोणी थंडगार हवे' असे कृतीत लिहिले होते. का, ते मी विचारले नाही. लोणी वितळवून ओतले, पाणी सढळ हाताने घातले आणि कणकेसारखे दहा मिनिटे मळले. ओव्हनमध्ये वाटी आकसून तळाला बसली. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, ही कुकरची रिंग खायची की बसवायची?"

आई एवढेच म्हणाली, "अरे, करंजीला मोहन कशाला घालतात?" तेव्हा ट्यूब पेटली. पिठाच्या कणांवर तूप-लोणी चढले की पाणी आत कमी शिरते, ग्लुटेनचे लांब धागे होत नाहीत, पारी खुसखुशीत होते. करंजीचे मोहन कडकडीत, इथे मात्र लोणी गार. ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायचे, जाड रव्यासारखे दिसेपर्यंत. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो. पाणी घालून गोळा झाला की मळणे बंद! मग अर्धा तास फ्रीजमध्ये. ताणलेले ग्लुटेन सैलावते, वाटी आकसत नाही. लाटून साच्यात बसवा, काट्याने टोचा, वर कागद आणि वजनाला वाटीभर कोरडा राजमा. 190 अंशांवर 15 मिनिटे, राजमा काढून आणखी 5-7 मिनिटे. ओले सारण त्यानंतरच, नाहीतर तळाचा गिचका. (तो राजमा डब्यात जपून ठेवा, मेसला देऊ नका!)

आता खरे सांगतो. चार सेमिस्टर मी सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग्ज उतरवली. सगळी बरोबर, सगळ्यांवर सह्या. 'स्ट्रेस रिलॅक्सेशन'ची व्याख्याही पाठ होती. पण ताण सैल होतो म्हणजे काय, ते त्या फ्रीजमधल्या गोळ्याने दाखवले. म्हणून सरांना विनंती आहे, निदान एका प्रॅक्टिकलला चुकलेल्या रीडिंगलाही मार्क द्या. फक्त ते का चुकले, हे आमच्याकडून आमच्या शब्दांत लिहून घ्या.

दुसरी वाटी कडेला जरा करपली, पण उभी राहिली. बहिणीने दोन तुकडे घेतले. रूमवर ओव्हन ठेवायला बंदी आहे, त्यामुळे तिसरी आता मे महिन्यात!