‘दिसला’ आणि ‘दाखवला’

मराठी प्रवासवर्णनांत ‘दिसणे’ या क्रियापदाला मोठा मान आहे. ‘आम्हाला वाघ दिसला’ या वाक्यात क्रियापद वाघाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि पाहणारा चतुर्थीत बाजूला उभा असतो. जणू प्राणी स्वतःच्या मर्जीने आला आणि आपण सुदैवाने तेथे होतो! एकट्या रानभटक्याच्या बाबतीत ही रचना खरी असू शकते. परंतु मार्गदर्शकासह केलेल्या समूहसहलीच्या वर्णनातही ती जशीच्या तशी येते, तेव्हा व्याकरण शुद्ध राहते आणि अनुभव अशुद्ध होतो, असे आम्हाला वाटते.

युगांडाच्या नैर्ऋत्येकडील ब्विंडी राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घेऊ. डोंगरी गोरिला पाहण्यासाठी तेथे जगभरातून पर्यटक येतात. एका दिवसात एका गोरिला-कुटुंबाला जास्तीत जास्त आठ पर्यटक भेटू शकतात, तेही तासभर. परदेशी पर्यटकाला त्या परवान्यासाठी २०२४ पासून ८०० डॉलर मोजावे लागतात. गट चालू लागण्यापूर्वीच माग काढणारे पुढे गेलेले असतात. गोरिला रोज रात्री नवे घरटे बांधतो. आदल्या दिवशी तो जेथे होता तेथून ही माणसे मोडलेल्या फांद्या, विष्ठा आणि रिकामी घरटी वाचत जातात आणि मार्गदर्शकाला बिनतारी यंत्रावर कळवतात. त्याही आधी त्या कुटुंबाला माणसाची सवय लावण्यात दोन वर्षे किंवा अधिक काळ गेलेला असतो. हे माणसाळवणे नव्हे. माणूस दिसला तरी बिथरू नये, एवढेच. इतक्या श्रमांनंतर आपण लिहितो, ‘अचानक झुडपांतून गोरिला दिसला.’ वास्तविक तो दाखवला गेलेला असतो. आणि ‘दाखवला’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

हा प्रश्न केवळ ऋणनिर्देशाचा नाही. उद्यानाच्या अधिकृत इंग्रजी नावातच ‘अभेद्य’ या अर्थाचे विशेषण आहे. ते कोणाच्या दृष्टीने? या रानात बाट्वा लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत, मध गोळा करीत. त्यांना ते अभेद्य नव्हते. १९९१ साली उद्यान घोषित झाले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. १९९४ साली ब्विंडीला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. बाट्वांना मात्र पुरेशा मोबदल्याविना भूमिहीन व्हावे लागले. २०२१ साली युगांडाच्या संविधान न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पर्यटकाच्या वर्णनात ‘माणसाचा स्पर्श न झालेले अरण्य’ असे शब्द येतात, तेव्हा ही सगळी हकिकत एका विशेषणाखाली गाडली जाते. ज्या स्तब्धतेचे आपण कौतुक करतो, तिच्यात कोणाला तरी गप्प केल्याचा अंश आहे.

अशा सहलीच निषिद्ध मानाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. पर्यटनाच्या पैशाने आणि कडक बंदोबस्ताने गोरिला वाचला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्विंडी आणि विरुंगा या दोन्ही प्रदेशांतील अलीकडच्या गणना मिळून ही संख्या १०६३ भरली, आणि २०१८ मध्ये हा प्राणी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातील २० टक्के भाग शेजारच्या वस्त्यांना देण्याची कायद्यात तरतूद आहे. मात्र या जमेच्या बाजूमुळे खर्चाची बाजू पुसली जात नाही. ती बाट्वांनी सोसली आहे, आणि प्रवासवर्णन वाचणाऱ्याला ती कळलीच पाहिजे.

प्रवासवर्णन शिकवताना आपण निवेदकाची संवेदनशीलता, चित्रमयता, भाषेचा डौल यांची चर्चा करतो. या निकषांत आणखी एकाची भर घालावी, असे आम्ही सुचवतो: निवेदकाच्या ‘आम्ही’त कोण कोण आहे? बहुतेक वेळा त्यात सहप्रवासी असतात. माग काढणारा आणि ओझे उचलणारा ‘ते लोक’ होतात, आणि हुसकावलेला तर सर्वनामालाही पारखा होतो. अर्थात, दोन दिवसांच्या पाहुण्याने त्यांच्या वतीने बोलू नये. पण त्याला दिसलेले कोणी दाखवले आणि त्यासाठी कोणाला जागा सोडावी लागली, एवढे तरी त्याने लिहावे. निसर्गवर्णन त्याने उणे होणार नाही. उलट ते अधिक खरे होईल.