फ्लेक्स लावण्याआधी

कळवण तालुक्यात फुटबॉल खेळणारी पोरं थोडी, बघणारी मात्र भरपूर. रात्री जेवणं उरकली की कांद्याच्या चाळीवर झोपायला गेलेला पोरगा मोबाइलवर इंग्लंडमधला सामना बघत जागा असतो, हे आता घराघरांत माहीत आहे. म्हणूनच ३ जुलै २०२५ ला पोर्तुगालचा दियोगो जोटा स्पेनमध्ये झामोराजवळ गाडीच्या अपघातात गेला, तेव्हा आपल्या पोरांच्या स्टेटसवरही लिव्हरपूलची वीस नंबरची लाल जर्सी आली. जोटा अठ्ठावीस वर्षांचा होता. लग्नाला अकरा दिवस झाले होते. गाडीत सोबत असलेला धाकटा भाऊ आंद्रे सिल्वा, तोही गेला.

आणि घरातले नाना-आप्पा काय म्हणाले? ‘तुझा कोण लागत होता रे तो?’

मोठ्यांनो, असं बोलू नका. तुम्हीही हे केलेलं आहे. १३ डिसेंबर १९८६ ला अभिनेत्री स्मिता पाटील गेली, वय एकतीस. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, तुमच्या नात्यातली नव्हे की गोतातली नव्हे. तरी त्या दिवशी कितीतरी घरांत घास उतरला नाही. पोरगा ज्याला चार-पाच वर्षं दर आठवड्याला धावताना बघतो, ज्याच्या गोलवर मध्यरात्री तोंडावर हात दाबून ओरडतो, तो त्याला परका राहत नाही. त्याला हसू नका, उपदेशही करू नका. जेवायला बोलवा, शेजारी बसवा, कसा खेळायचा तो, एवढं विचारा. दोन-तीन आठवड्यांनीही जेवण-झोप जागेवर आली नाही, पोरगा घुम्यासारखा राहायला लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा तिथवर जायची पाळी येत नाही.

आता पोरांनो, तुमच्याकडे वळतो. तुमचं दुःख खोटं नाही, पण ते जातं कुठे हे बघायला हवं. पहिल्या दिवशी स्टेटस, दुसऱ्या दिवशी फ्लेक्स, आणि तिसऱ्या दिवशी ‘कोणामुळे गेला’ याचा शोध. हे आपल्या शेजारी गोव्याच्या संघाबाबत घडून गेलं आहे.

५ डिसेंबर २००४, रविवार. बेंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम, फेडरेशन कपचा अंतिम सामना, पणजीचा डेम्पो आणि कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोकडे ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर होता, पंचवीस वर्षांचा. एक गोल त्याने आधीच मारलेला. सामना संपायला थोडाच वेळ राहिला असताना तो पुन्हा चेंडू घेऊन आत घुसला, गोलरक्षक सुब्रत पाल पुढे आला, दोघांची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला. क्रिस्तियानो पडला तो उठला नाही. इस्पितळात त्याला मृत घोषित केलं. डेम्पोने कप २-० असा जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. संघाने त्याची दहा नंबरची जर्सी पुन्हा कोणाला द्यायची नाही असं ठरवलं, आणि त्याच मोसमात पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली.

डेम्पोने शोक असा केला. इतर कितीतरी चाहत्यांचा शोक सुब्रत पालवर जाऊन आदळला. तेव्हा तो अठराच्या आसपासचा पोरगा, मिसरूड फुटण्याच्या वयाचा. चौकशी झाली, दोन महिन्यांची बंदी आली, आणि बंदी संपल्यावरही ‘तोच तो’ ही ओळख बरीच वर्षं सुटली नाही. पुढे तोच २०११ च्या आशियाई चषकात दोहाला भारताच्या गोलसमोर उभा राहिला आणि २०१६ ला त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. तो टिकला ही त्याची हिंमत. दुसरा एखादा त्याच महिन्यात बूट टांगून घरी गेला असता. टक्कर नियमात होती की नव्हती ते पंचांनी आणि फेडरेशनने बघायचं असतं. प्रेक्षकाने नव्वद मिनिटांच्या खेळातून एक खुनी शोधून काढायचा नसतो.

माझी खरी तक्रार पुढची आहे. त्या गदारोळात विचारायचा प्रश्न मागे पडला. पडलेल्या खेळाडूजवळ पहिल्या पाच मिनिटांत कोण होतं, आणि त्याला काय करता येत होतं? मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर तेव्हा टीका झाली, नाही असं नाही. पण मार्च २०१२ बघा. १७ तारखेला लंडनमध्ये बोल्टनचा फाब्रिस मुआम्बा चालू सामन्यात कोसळला. प्रेक्षकांत बसलेला अँड्र्यू डीनर नावाचा हृदयरोगतज्ज्ञ खाली मैदानात धावला. डॉक्टर छाती दाबत राहिले, शॉक देत राहिले, मैदानात, गाडीत, इस्पितळात. ७८ मिनिटं हृदय बंद होतं आणि मुआम्बा जगला. चारच दिवसांनी, २१ मार्चला, त्याच बेंगळुरूत स्थानिक लीगच्या सामन्यात डी. वेंकटेश कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. सोबत्यांनी त्याला रिक्षात घातलं. तो वाचला नाही. दोघांच्या दुखण्यात फरक असेलही. पण क्रिस्तियानोला जाऊन सात वर्षं उलटली होती, शहर तेच होतं, आणि पडलेल्या पोराला न्यायला रिक्षा शोधावी लागत होती. २००४ चा सगळा राग एका गोलरक्षकावर खर्च करून हाती हे आलं.

आता आपल्या तालुक्यात या. दळवटला, कनाशीला, अभोण्याला कबड्डीचे, टेनिस बॉलचे सामने होतात. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा होतात. एखादं पोरगं धावता धावता पडलं, हातपाय झाडले, डोळे पांढरे केले, की गर्दीतून आवाज येतो, ‘फीट आली, कांदा आणा!’ कांद्याच्या तालुक्यात कांद्याला काय तोटा? कोणीतरी जमिनीवर ठेवून बुक्कीने फोडतो आणि नाकाशी धरतो. दुसरा चप्पल काढून हुंगवतो. तिसरा दातखीळ उघडायला चमचा मागतो, चौथा तोंडात पाणी ओततो. बाकीचे भोवती इतके दाटतात की वारा आत जात नाही. सगळ्यांची धडपड मनापासून असते, आणि एकाचाही उपयोग नसतो.

हृदय अचानक थांबलं की पहिले काही क्षण माणूस झटके देऊ शकतो, त्यामुळे फीट आल्यासारखं दिसतं. मग पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा अधूनमधून आ वासतो, घशातून घरघर येते. लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे, घाबरू नका.’ तो श्वास नव्हे. त्या वेळी कोणीच छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. कळवणहून १०८ ची गाडी दळवटला किती वेळात पोचते, ते दळवटकरांनी मला सांगावं.

करायचं ते अवघड नाही. खेळाडू कोणाचा धक्का न लागता पडला, किंवा छातीवर चेंडू अथवा मार बसून पडला, तर खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं कळलं की पुरे, नाडी शोधत बसू नका. एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने त्याला सपाट जमिनीवर उताणं करून शेजारी गुडघे टेकायचे. छातीच्या मधोमध, दोन स्तनाग्रांच्या मध्ये जे हाड आहे त्यावर एका तळव्याची टाच ठेवायची, वर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि अंगाचा भार टाकून दोन इंच खाली दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दम निघतो, तेव्हा हात बदला, पण मध्ये थांबू नका. बरगडी कडकन वाजली तरी थांबू नका. बरगडी पुढे जुळते. तोंडाने श्वास देणं शिकलेले नसाल तर नुसतं दाबत राहा, तेही चालतं. गाडी येईपर्यंत किंवा पोरगं स्वतः हालचाल करेपर्यंत.

आणि पडणारी मुलगी असली तर? खो-खोच्या, कबड्डीच्या मैदानावर आपल्या मुली काही कमी धावत नाहीत. मुलगी पडली की पुरुषमंडळी दोन पावलं मागे सरकतात, बाईमाणूस शोधतात, शिक्षकांना वाटतं उद्या कोण काय बोलेल. ही लाज तिच्या जिवावर बेतेल. शाळेतल्या शिक्षिकांनी, स्वयंपाकाच्या मावशींनी, आणि मुलींनी स्वतः हे शिकून घ्या. पण बाई जवळ नसेल तर समोर असलेल्या पुरुषाने दाबायला सुरुवात करावी, आणि गावाने त्याच्या पाठीशी राहावं.

वाचून हे येत नाही, हाताने करून बघावं लागतं. मंडळाच्या दोन-चार जणांनी कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विनंती करावी, एखादा डॉक्टर किंवा १०८ वरचा डॉक्टर तासभर येऊन पुतळ्यावर दाखवील का. डॉक्टर कामाच्या ओझ्याखाली असतात, पहिल्यांदा नाही म्हणतील. पुन्हा जा. सामन्यांसाठी वर्गणी मागायला तुम्ही एकाच दुकानात तीनदा जाताच की. शॉक देणारं यंत्र, ज्याला एईडी म्हणतात, ते स्वस्त नाही आणि एका मंडळाला झेपायचं नाही. पण तालुक्यात ज्यांच्या नावाने चषक ठेवले जातात अशी मोठी माणसं आहेत. पुढच्या वर्षी चषकाची उंची तेवढीच ठेवून यंत्र मागून बघा.

काही पोरं पडण्याआधी सूचना देतात आणि आपण ती ऐकत नाही. धावताना भोवळ येऊन पडणं, पळताना छातीत दुखणं, सोबतच्यांपेक्षा लवकर धाप लागणं, घरात कोणी चाळिशीच्या आत बसल्याजागी गेलेलं असणं. आपल्याकडे यावर ‘ऊन लागलं’, ‘नजर लागली’, ‘बाहेरचं आहे’ अशी उत्तरं तयार असतात. उन्हाने चक्कर येतेही, आणि मेच्या दुपारी सामने ठेवणाऱ्यांना तर हात जोडूनच सांगतो, सकाळी लवकर नाहीतर दिवे लावून खेळवा. पण ऐन धावण्यात शुद्ध हरपली असेल तर तो पोरगा ईसीजी काढून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत मैदानात उतरता कामा नये, मग सामना अंतिम असो की उपांत्य. डॉक्टर टूडी इको सांगतील तर नाशिकला जावं लागेल, जा. कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ ला फ्रान्समध्ये चालू सामन्यात गेला. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता, आणि अशा दुखण्याचा माग बहुतेकदा याच तपासण्यांतून लागतो.

इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेटो भागात १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंचे असे मृत्यू ८९ टक्क्यांनी कमी झाले. तरी त्याच इटलीत ४ मार्च २०१८ ला फिओरेंतिनाचा कर्णधार दाविदे आस्तोरी, वय एकतीस, सामन्याआधी हॉटेलच्या खोलीत झोपेत गेला. सगळं काही तपासणीत सापडत नाही. म्हणून कागद हातात आला तरी छाती दाबायला शिकायचं राहू नये.

मोबाइल काढणाऱ्यांशी मला थोडं कडक बोलायचं आहे. १२ जून २०२१ ला कोपनहेगनला डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन कोसळला. कर्णधार सिमोन कियेर आणि बाकीचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, तोंडं बाहेर, पाठ त्याच्याकडे, कॅमेऱ्याला काही दिसू नये म्हणून. आत डॉक्टर छाती दाबत होते, शॉक देत होते. एरिक्सन वाचला, छातीत यंत्र बसवून पुन्हा खेळायला लागला. आपल्याकडे पोरगं पडलं की कडं होतं ते तोंडं आत करून, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. त्या पोराची आई घरी स्वयंपाक करत असते आणि तिला गाडीच्या आधी व्हिडिओ पोचतो. घेतलेला असेल तर पुसून टाका. आलेला असेल तर पुढे ढकलू नका, आणि पाठवणाऱ्याला तोंडावर सांगा.

जोटा मैदानावर गेला नाही, रस्त्यावर गेला, हेही विसरू नका. रात्रीचे सामने संपले की एका मोटरसायकलवर तिघं, डोक्यावर काही नाही, जिंकल्याच्या नाहीतर हरल्याच्या तावात नांदुरीच्या वळणावर. संयोजकांनी शेवटचा सामना वेळेत संपवला तर निम्मं काम होईल. आणि रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर पोलीस मागे लागतील म्हणून पुढे निघून जाऊ नका. अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

फ्लेक्स लावायचा तर लावा. ज्या घरातलं पोरगं गेलं त्यांनाही बरं वाटतं, कोणी आठवण काढली म्हणून. फक्त त्या घरी तेराव्यानंतरही जात राहा, त्याच्या सोबत खेळणाऱ्याला, ज्याच्याशी टक्कर झाली त्यालाही मैदानावर परत बोलवा, आणि ‘याच्यामुळे’ असा शब्द निघाला की तिथेच अडवा.

पुढच्या सामन्यांच्या बैठकीत मंडप, पंच, बक्षिसं ठरली की एवढं ठरवून उठा. छाती कोण दाबणार, अशी तीन नावं. १०८ कोण लावणार, आणि गाडीला फाट्यावरून आत आणायला टॉर्च घेऊन कोण उभा राहणार. मैदानाकडे येणारा रस्ता किती रुंद आहे तो आधी चालून बघा. आणि बांधाला ज्यांचं घर आहे त्या दादांना सांगून ठेवा, सामने चालू असेपर्यंत ट्रॅक्टरची ट्रॉली वाटेत आडवी लावू नका.